मी आहे लाइनवर

अण्णा, तुम्हाला काही सांगायचं राहिलं असं मला इतक्या वर्षांत फारसं वाटलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी संसारात बुडालेली होते, तुमचा नातू पोटात होता. रडायचं ते रडून झालं आणि पुढे दिवसांनी आपलं काम केलं. पण यंदा एक प्रकार घडला, आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे, तुम्हाला समजावते आहे, आणि या भांडणाचा मला आता कंटाळा आलाय. म्हणून लिहून काढते. एका माणसाने फोनवर गोड बोलून मला फसवलं. पैसे गेले. त्यातले काही परत येतील म्हणतात, कधी ते कुणी सांगत नाही. ते पैसे तुमच्या जावयाच्या वर्कशॉपमधल्या लेथचे होते. जावई वारल्यावर पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं ते शेड रिकामं केलं, मशीन विकलं आणि पैसे माझ्या खात्यात पडून होते. त्याचं दुःख आहेच, नाही कशाला म्हणू. पण पैशांसाठी मी तुम्हाला उठवलं नसतं. तो माणूस जाताना तुमचा आवाज घेऊन गेला, हे माझं दुखणं आहे.

कारण तुमचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फोटो आहेत, तुमचं घड्याळ आहे, चष्म्याची रिकामी डबी आहे. आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून हजारो माणसांशी बोललात, पण कुठल्या टेपवर तुमचा एक शब्द नाही. माझ्या लग्नात मामांनी टेपरेकॉर्डर आणला होता, त्यात भटजी आहेत, बॅण्ड आहे, आक्का मावशी कुणावर तरी खेकसते आहे, आणि तुम्ही कुठे होतात तर मागे पंगतीत वाढप्यांच्या मागे. म्हणजे तुमचा आवाज होता तो फक्त माझ्या कानात. संध्याकाळी भाजी निवडताना मी तो काढून ऐकायचे, म्हातारपणात माणसं जपमाळ काढतात तसा. आता ऐकायला गेले की तो माणूस बोलायला लागतो. तुमचंच वाक्य तो बोलतो, आणि तुमच्याच संथ लयीत.

तुमच्या कामाच्या जागी मी किती वेळा आले असेन? शाळेला सुट्टी असली आणि आईला डबा पाठवायला कुणी मिळालं नाही की मला धाडायची. या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टॅण्डवर उतरून, मटणाच्या दुकानांपाशी श्वास रोखून धरत, मी तुमच्या एक्स्चेंजच्या दारात येते. वॉचमन मला ओळखतो. आतल्या मोठ्या हॉलमध्ये कपाटांच्या रांगाच्या रांगा आणि त्यांच्यातून सतत टकटकटक आवाज, बाहेर कुणीतरी नंबर फिरवतंय म्हणून. त्याच्या पलीकडच्या खोलीत तुमचं टेस्ट डेस्क. ज्याचा फोन बिघडला त्याची लाइन तुमच्यापुढच्या बोर्डात यायची, तुम्ही वायर खुपसायची, काट्याकडे बघायचं आणि कानाला लावलेल्या यंत्रातून त्या माणसाशी बोलायचं. कन्नड, हिंदी, मोडकं तमिळ, साहेबलोकांशी इंग्रजी. मला स्टुलावर बसवून तुम्ही खुणेनेच डबा ठेव म्हणता. पलीकडे कुणीतरी बाई असते. तिच्या घरातला फोन खरखरतोय आणि तिचा नवरा परगावी दवाखान्यात आहे. ती काय बोलते ते मला ऐकू येत नाही, तुमचं तेवढं ऐकू येतं. तुम्ही तिला सांगता, घाई काय नाही अम्मा, मी आहे लाइनवर. मग, ईग इडी, नानु रिंग कोडतीनि. आता ठेवा, मी रिंग देतो. वाजली की उचला. ती ठेवते, तुम्ही बटण दाबता, थांबता. ती उचलते. तुमच्या चेहऱ्यावर काही फरक पडत नाही, पण डाव्या हाताने तुम्ही डब्याचं झाकण उघडायला घेता, त्यावरून मला कळतं की लाइन सुधारली.

खात्याने घरी फोन दिला तेव्हा आपल्या गल्लीत तो एकच. अर्ध्या गल्लीचे निरोप आपल्याकडे. माझं वय चिडण्याचं होतं. एकदा दुपारी कुणी म्हातारा पुन्हा पुन्हा चुकीच्या नंबरवर फोन करत होता, त्याला कुठली तरी पिठाची गिरणी हवी होती, आणि मी तिसऱ्यांदा ‘राँग नंबर’ असं ओरडून फोन आपटला. तुम्ही सेकंड शिफ्टला जायच्या तयारीत होता. बुटाची नाडी बांधता बांधता थांबलात. ओरडला नाहीत. म्हणालात, “फोनवर माणूस दिसत नाही म्हणून तो माणूस नसतो होय गं?” मग फोन परत वाजेपर्यंत तुम्ही तिथेच, एका पायात बूट घालून उभे. वाजला. तुम्ही त्याला त्याचा नंबर विचारलात, डिरेक्टरीत गिरणी शोधून दिलीत, आणि त्याने ठेवल्यावरच फोन ठेवलात. तुमची बस चुकली. त्या दिवसापासून मी कुणावर फोन आपटला नाही. कर्ज देऊ करणाऱ्या पोरींना, जागा विकणाऱ्यांना, सगळ्यांना मी आजवर ‘नको हं बाळ’ म्हणत आले आणि त्यांनी ठेवायची वाट बघत आले. तुमचा नातू हसायचा. म्हणायचा, आई, ते मशीन आहे, रेकॉर्डेड आहे ते. मग मी मशीनलाही नको म्हणायचे. तुमची शिकवण मला चुकीची वाटते असं नाही. पण ती कोणत्या जगासाठी होती ते तुम्हाला सांगायला हवं.

आता आम्ही याच शहरात, बसवनगुडीत राहतो. घर चांगलं आहे, मागे नारळ, समोर देवळाची घंटा ऐकू येते. घरात मी, मुलगा आणि सून. दोघं कॉम्प्युटर इंजिनिअर, दोघांचीही नोकरी बहुतेक दिवस घरूनच. एक डावीकडच्या खोलीत, एक उजवीकडच्या. दोघांच्या कानांवर ती मोठी यंत्रं, तुमच्या डेस्कवर होती त्यांची नातवंडं शोभतील अशी. दार लोटलेलं असलं की आत मीटिंग, हा आमच्या घराचा नियम. कुणी केला नाही, आपोआप झाला. एकदा मी पोहे घेऊन आत गेले तर मुलाच्या मागे मी सगळ्या ऑफिसला दिसले म्हणे, पदर खोचलेली. तो नुसता कसनुसा हसला. तेव्हापासून मी दारावर टकटकसुद्धा करत नाही. दिवसभर दोन्ही खोल्यांतून बोलणं ऐकू येतं, हसणं ऐकू येतं, अगदी भरलेलं घर वाटावं असं. त्यातलं माझ्याशी काही नसतं. तक्रार नाही करत. मुलं गुणी आहेत, रात्री जेवताना फोन बाजूला ठेवतात. पण दिवस मोठा असतो.

मुलाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आहे. सकाळी दुसरा चहा घेऊन मी त्यावर गावाकडचं वर्तमानपत्र उघडते आणि आधी निधनवार्ता वाचते. हसू नका, तुम्हीही तेच करायचात. निपाणीचं कोण गेलं, चिकोडीचं कोण गेलं, कुणाच्या पश्चात किती सुना. त्या दिवशी एका बाईच्या नावावर बोट दाबलं, माझ्या वर्गातली वाटली म्हणून, आणि पडदा लालभडक झाला. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत, तुमचा कॉम्प्युटर बंद पाडण्यात आला आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरावर फोन करा. आणि भोंगा. अहो, काय भोंगा तो, जणू कारखान्याला आग लागली. मला पहिला विचार काय सुचला सांगू? मुलांच्या मीटिंगा. मी धावत जाऊन पलंगावरची उशी आणली आणि लॅपटॉपच्या तोंडावर दाबून धरली. काही केल्या बंद होईना. डावीकडे एक इंजिनिअर, उजवीकडे एक इंजिनिअर, मध्ये मी उशी धरून उभी, आणि मी त्या पडद्यावरचा नंबर फिरवला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. नंतर पोलिसांनी विचारलं, घरात इतकी शिकलेली माणसं असताना त्यांना का नाही विचारलंत? मी म्हटलं, दार लोटलेलं होतं. त्यांना ते कळलं नाही.

फोन उचलणारा आधी हिंदीत बोलला. माझ्या तोंडून ‘अगं बाई’ असं काहीतरी निसटलं असेल, कारण तो एकदम थांबला आणि म्हणाला, “ताई, मराठी का तुम्ही? मग कशाला हिंदीत झगडताय? घरातल्यासारखं बोला.” अण्णा, या गावात मराठी म्हणजे घराच्या चार भिंतीतली भाषा. दुकानात कन्नड, बँकेत हिंदी-इंग्रजी, सुनेच्या पुणेरी बोलण्यातले निम्मे शब्द इंग्रजी. आणि हा माणूस सावकाश, हेल काढून, आपल्या बाजूचं बोलत होता. मी विचारलं, गाव कुठलं? सांगलीकडचा म्हणाला. खरं असेल, खोटं असेल. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, भोंगा तेवढा बंद करा, मुलं कामात आहेत. तर तो म्हणाला, “घाई काय नाही ताई. मी आहे लाइनवर.”

तिथेच मी संपले. तेच शब्द, तोच दम घेऊन बोलणं, ‘काय’ नंतर तेवढंच थांबणं. मी खुर्चीत बसले. त्याने सांगितलेलं बटण दाबलं, भोंगा बंद झाला, आणि मला वाटलं, बघा, जमलं की. मग त्याने मला काहीतरी डाउनलोड करायला लावलं आणि माझ्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. काळा पडदा उघडला, त्यावर पांढऱ्या ओळी भरभर पळत गेल्या. हे सगळे चोर आहेत ताई, तुमच्या कॉम्प्युटरात शिरलेत, म्हणाला. एक चोर शिरला होता हे खरंच होतं. मग त्याने विचारलं, घरात आणखी कोण याच वायफायवर आहे? मी भोळी, अभिमानाने सांगितलं, मुलगा आणि सून, दोघं मोठ्या कंपन्यांत. तो नुसता ‘हं, हं’ करत राहिला, डॉक्टर रिपोर्ट वाचताना करतात तसा. मग म्हणाला, “अवघड झालं. हे त्यांच्या ऑफिसात पसरलं तर नोकरीवर येईल त्यांच्या. आत्ता त्यांना सांगू नका, ते घाबरून काहीतरी उघडतील. आपण दोघं मिळून निस्तरू.” आपण दोघं, म्हणाला. मी मान हलवली, जसं काही त्याला दिसतच होतं.

मग बँकेवर आलं. पैसे धोक्यात आहेत, साफसफाई होईपर्यंत सुरक्षित खात्यात हलवून ठेवू, संध्याकाळी परत. एरवी मी भाजीवाल्याचे सुटे दोनदा मोजून घेते. पण त्या दिवशी मोबाइलवर आलेले आकडे मी त्याला वाचून दाखवले, एकेक, स्पष्ट, तुमच्यासारखे, नंबर सांगताना मध्ये थांबून. तो मध्येच विचारी, ताई, पाणी प्यालात का? सकाळपासून काही खाल्लंत का? आणि मी त्याला सांगत होते, की उपमा केला होता, पण मुलं अजून बाहेर आली नाहीत, म्हणून मीही थांबले आहे.

दारावरची बेल वाजली म्हणून मी वाचले, नाहीतर उरलंसुरलंही गेलं असतं. इस्त्रीचे कपडे आले असणार. मी त्याला म्हटलं, एक मिनिट, दार उघडून येते, फोन ठेवते आणि परत करते. “ठेवू नका,” तो म्हणाला. मी म्हटलं, अहो लगेच करते ना परत. “फोन ठेवायचा नाही म्हटलं ना! दार उघडू नका!” आवाज तोच होता पण त्यातलं ऊन गेलं होतं. आणि मी उभी राहिले, फोन कानाला, आणि मला तुमची ती खोली दिसली. तुम्ही जन्मभर लोकांना काय सांगितलंत? ठेवा. आता ठेवा, मी रिंग देतो. रिसीव्हर खाली ठेवल्याशिवाय तुमची तपासणीच व्हायची नाही. संशयी गिऱ्हाईक असलं, तुम्ही कशावरून एक्स्चेंजचे म्हणून विचारणारं, तर तुम्ही खुशीने म्हणायचात, बरोबर आहे, ठेवा आणि तुम्हीच एक्स्चेंजला लावून मला मागा. तुम्हाला कुणाला लाइनीवर धरून ठेवायची गरज नव्हती. याला होती. मी फोन बंद केला. त्या गिरणीवाल्या म्हाताऱ्यानंतर माझ्या आयुष्यात समोरचा बोलत असताना कापलेला तो दुसरा फोन. लगेच परत वाजायला लागला, वाजतच राहिला, आणि मी तो पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. वेडेपणाच.

मग मी मुलाच्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं. पडद्यावर चौकटीत बसलेली आठ-दहा माणसं, आणि मी रडत होते. त्याने एक बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. मी नीट सांगू शकले नाही. ‘बँक’ आणि ‘तो बाण हलवतोय’ एवढंच म्हटलं. त्याला मात्र तेवढ्यात सगळं कळलं. “आई, आधी नेट बंद,” म्हणत तो हॉलमध्ये पळाला आणि भिंतीवरच्या त्या डबीची वायरच उपटली. उजवीकडच्या खोलीतून सून ओरडत बाहेर आली, नेट गेलं म्हणून, आणि माझं तोंड बघून जागीच थांबली. तिने माझ्या पर्समधून कार्ड काढलं. “आई, कार्डच्या मागे असतो तोच बँकेचा खरा नंबर, मी ब्लॉक करून घेते, तुम्ही फक्त माझ्याजवळ बसा,” म्हणाली. इतकी वर्षं घरात आहे, माझा हात धरून ती पहिल्यांदाच बसली. मुलगा तेवढं एकदाच म्हणाला, “मला का नाही विचारलंस?” मी म्हटलं, “मीटिंग चालू होती रे तुझी.” तो तोंड फिरवून माझ्या लॅपटॉपची बॅटरी काढायला लागला.

सायबर पोलिसांचा तक्रारीचा नंबर मलाच लावावा लागला, खातं माझ्या नावावर म्हणून. आणि तिथे माझं बोट अडलं. म्हणजे परत फोन, परत अनोळखी आवाज, परत खात्याचा नंबर सांगा, कधी गेले सांगा. पलीकडे एक मुलगी होती, कन्नडमध्ये म्हणाली, “अम्मा, अळबेडी. स्वल्प नीरु कुडीरी, आमेले हेळी.” रडू नका, थोडं पाणी प्या आणि मग सांगा. पाणी प्या म्हणाली आणि मी फोनच खाली ठेवला, टेबलावर. हीही पाणी पाजणारीच निघाली तर? मुलाने उचलून परत माझ्या हातात दिला. मी तिला विचारलं, तुम्ही पोलीसच कशावरून? ती रागावली नाही. सरी अम्मा, बरं, म्हणाली, संशय आला असेल तर ठेवा, नंबर पुन्हा तपासा, घरच्यांना तपासू द्या आणि परत लावा, पण लवकर लावा, पैसे वाटेत असेपर्यंतच अडवता येतात. ठेवा म्हणाली, अण्णा. मी नाही ठेवला. सगळं सांगितलं.

त्यानंतरचे दिवस नुसते धावपळीचे गेले, त्याचं काय सांगू. बँकेत अर्ज, पोलीस स्टेशनात जबाब, सगळे पासवर्ड बदलले तेही दुसऱ्या फोनवरून, लॅपटॉप पुसून कोरा केला. काही पैसे वाटेतल्या कुठल्या तरी खात्यात अडकले, ते कोर्टाच्या आदेशाने सुटतील. काही गेले ते गेले. अक्कलखाती जमा. पोरं मला एक शब्द लागेलसा बोलली नाहीत, आणि त्याचाच मला त्रास व्हायला लागला. एकदा ओरडले असते तर बरं झालं असतं. आता दोघांची दारं अर्धी उघडी असतात. मुलगा तासातासाला बाहेर येतो, आई ठीक ना, म्हणून विचारतो आणि जातो, वॉर्डबॉय चक्कर मारतो तसा. चांगलं वाटायला हवं. पण मी थकले आहे. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणं समजू शकतं, मी तर पाणीही फुंकायला लागले. माझ्या सख्ख्या भाचीने फोन केला तर तिला म्हटलं, आजीचं माहेरचं आडनाव सांग आधी. ती दुखावली.

अशात एक फोन आला, हिंदीत, तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, आधी थोडी फी भरा. माझी केस त्याला सगळी पाठ. मी म्हटलं, ठेवा तुम्ही, मी स्टेशनला विचारून तुम्हाला करते. त्याने धाडकन फोन ठेवला. तुमची परीक्षा पास झाले म्हणून मला जरा बरं वाटलं. पण तेही तेवढ्यापुरतं. कारण संध्याकाळी भाजी निवडायला बसले, तुम्हाला आठवायला गेले, तर पुन्हा तोच, घाई काय नाही ताई. मी तुम्हाला दुसरी वाक्यं बोलायला लावून बघितली. माझ्या लग्नातलं, आईच्या आजारपणातलं, बुटाची नाडी बांधतानाचं. शब्द तुमचे येतात, आवाज त्याचा येतो.

गेल्या आठवड्यात स्टेशनमधून फोन आला. मी सवयीने म्हटलं, फोनवर काही सांगणार नाही, मी स्वतः येते. पलीकडची इन्स्पेक्टरबाई हसली, “करेक्ट, अम्मा. बन्नी,” या म्हणाली. मुलगा मीटिंग सोडून माझ्याबरोबर आला. दुसऱ्या राज्यात कुठे तरी एका इमारतीवर छापा पडला होता, तिथल्या फोनांत आणि कॉम्प्युटरांत त्यांच्याच बोलण्याचं रेकॉर्डिंग सापडलं होतं, नवीन पोरांना शिकवण्यासाठी ठेवलेलं. त्यातला कुठला आवाज ओळखू येतो का बघा, तेवढ्यासाठी बोलावलं होतं. टेबलावर एक कॉम्प्युटर, एक पंखा, भिंतीला टेकवलेल्या फायली. तिने माझ्या कानावर ते मोठं यंत्र चढवलं. मुलगा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

पहिला आवाज पोरसवदा, नव्हे. दुसरा भराभर इंग्रजी बोलणारा, नव्हे. तिसरा सुरू झाला आणि मी ते यंत्र दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलं. तो हिंदीत बोलत होता, पलीकडे कुणी म्हातारी रडत होती. त्याच्या मागे दहावीस माणसं एकाच वेळी बोलत असल्याचा गलका, टकटक, खुर्च्या सरकल्याचे आवाज. आणि त्यातून तो, संथ, दम घेत, तिला म्हणत होता की कसली घाई नाही, मी आहे ना लाइनवर. मला त्याचा संताप आला, खूप आला, त्या म्हातारीला ओरडून सांगावंसं वाटलं की ठेव बाई, ठेव तो फोन. इन्स्पेक्टरबाईने माझ्याकडे बघितलं. मुलाने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “आई, हाच का?”

तुमच्या नातवाने तुम्हाला कधी ऐकलं नाही, अण्णा. त्याला कसं कळणार, मी त्या आवाजात कुणाला ऐकत होते ते. हे पत्र मी त्याला दाखवणार नाही, पोस्टात टाकायचा तर प्रश्नच नाही. पोळपाटावर कागद ठेवून लिहिते आहे, आतून मीटिंग संपल्याचा आवाज आला की उचलून ओट्याकडे नेईन, गॅसवर एका मिनिटात जळेल. पण एवढं तुम्हाला तरी माहीत असू दे. ओळख मला पहिल्या शब्दालाच पटली होती, तिळभर शंका नव्हती. तरी मी त्या इन्स्पेक्टरबाईला म्हटलं, नीट कळलं नाही, परत एकदा लावा.